प्रेमलाच्या नावानं कुणीतरी

प्रेमलाला एका जागी बसवत नसे. घणसोली गावात राजाबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती एकोणीस वर्षं डबे करत होती. चपात्या लाटता लाटता तिचं लक्ष भाजीवर, भाजी परतताना दारातल्या रिक्षावर, आणि डबे गेले की पुढच्या आठवड्याच्या किराण्यावर. नवरा हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी होता. पोती वाहून वाहून त्याच्या मणक्यानं हात टेकले, तेव्हापासून तो घरी बसून डबे भरायचा. साताऱ्याकडचा शांत माणूस. तो म्हणायचा, हिच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं हिला धाडली. काही कारण नसताना तिनं पासपोर्ट काढून ठेवला होता. कशाला, असं विचारलं तर म्हणायची, असू दे की, काय खायला मागतोय का.

तो पासपोर्ट कामाला आला. पूर्वी तिच्याकडे डबा लावलेला प्रितम आता एका पर्यटन कंपनीत सहल व्यवस्थापक झाला होता. बेलापूर, नेरूळ, खारघरकडची एकोणतीस ज्येष्ठ मंडळी दहा दिवसांसाठी जॉर्जियाला निघाली होती आणि सगळ्यांना रोज एक वेळ तरी घरचं जेवण हवं होतं. ठरलेला आचारी ऐनवेळी आजारी पडला. प्रितमनं फोन केला, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रेमला हो म्हणाली.

तिनं पोहे, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, सुकवलेला कढीपत्ता असं सगळं बांधून घेतलं. निघायच्या आधी प्रितमनं तिला व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवली. कोणाचं नाव काय, कोणाला साखर आहे, कोणाला रक्तदाब, कोण कांदा-लसूण खात नाही, औषधं किती वाजता, घरच्या कोणाचा फोन कोणता. यादीतल्या काही घरच्यांनी स्वतःहूनही तिला मेसेज केले. त्यात खारघरची ईश्वरी होती. तिचे वडील नंदकिशोर बेलापूरच्या सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले, इन्सुलिन घेणारे. आई सुचित्रा गुडघ्यांमुळे सहलीला जाणार नव्हती. ईश्वरीनं लिहिलं होतं, "मावशी, बाबांना सुई घेतल्यावर अर्ध्या तासात खायला लागतं. ते स्वतःहून मागणार नाहीत. तुम्ही लक्ष ठेवाल ना?" प्रेमलानं तिला बोलून निरोप पाठवला, की काळजी करू नकोस पोरी, ते माझ्याकडे लागलं.

आणि खरोखरच तिनं लक्ष ठेवलं. तिबिलिसीतल्या हॉटेलात ती पहाटे उठून परक्या स्वयंपाकघरात उभी राहायची. तिथल्या बायकांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना नाही. हातवाऱ्यांवर काम चालायचं. नंदकिशोर खाली उतरायच्या आत त्यांची ताटली टेबलावर असायची. ते मान हलवायचे. फार बोलणारे नव्हतेच.

एकच गोष्ट तिला सतत टोचायची. भारतातल्या सिमचं रोमिंग महाग म्हणून प्रितमनं ते बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि हाताशी तिथलं एक स्वस्त सिम दिलं होतं. त्यातलं नेट केव्हा संपेल याचा भरवसा नसायचा. नेट संपलं की तिला कोंडल्यासारखं व्हायचं. तिकडे हौसेराव एकटा, डबे बंद, गॅस नीट बंद करतो की नाही कोण जाणे.

चौथ्या दिवशी बस डोंगराकडे निघाली आणि वाटेत एका खानावळीपाशी थांबली. पुढच्या हॉटेलच्या स्वयंपाकघराला संध्याकाळच्या भाज्यांची यादी पाठवायची होती आणि नेट नेमकं संपलं. प्रितम कुठेतरी ड्रायव्हरशी वाद घालत होता. भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता, फुकट वायफाय, आणि खाली तो काळ्या चौकोनांचा क्यूआर कोड. प्रेमलानं कॅमेरा धरला. फोन तिथल्या वायफायला जोडला गेला, एक पान उघडलं आणि त्यानं फोन नंबर मागितला. तिनं दिला. मग पानावर आठ अक्षरं आली, आणि त्याच क्षणी तिच्या व्हॉट्सॲपनं एक चौकट उघडून कोड मागितला. तिनं ती आठ अक्षरं त्यात टाकली. चौकटीत इंग्रजीत दोन ओळी होत्या. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, आणि बस हॉर्न देत होती. नेट सुरू झालं. भाज्यांची यादी गेली. जेमतेम दोन मिनिटांचं काम.

त्याच संध्याकाळी राजाबाईंचा निरोप आला. राजाबाई गावातल्या जुन्या आगरी घरातल्या, पंच्याहत्तरीच्या, घरमालकीण कमी आणि मोठी बहीण जास्त. त्या नेहमी बोलूनच निरोप पाठवायच्या.

"प्रेमले, तू मना लिवून कशाला धारलंस गो? मना वाचता येत नाय, तुला ठाव हाय ना. काय सांगायचा हाय त बोलून सांग."

प्रेमलानं राजाबाईंना काहीच लिहून पाठवलं नव्हतं. फोन उघडून पाहिलं तर तिच्या बाजूला तसं काही दिसतही नव्हतं. म्हातारीनं दुसऱ्या कुणाचा मेसेज माझा समजला असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. पण मनात कुसळ राहिलं.

मग आणखी काहीबाही घडायला लागलं. हौसेरावाचा मेसेज आला की फोन कुरकुरायचा, पण ती हात पुसून येईपर्यंत तो कुणीतरी वाचून ठेवल्यासारखा दिसायचा. न वाचलेल्या मेसेजवर जो हिरवा आकडा असतो, तो नसायचाच. आपलंच बोट लागलं असेल, पिठाचे हात, ती स्वतःला सांगायची. एकदा फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवून ती भांडी घासत होती आणि एकदम मागे वळली, जणू मागे कुणी उभं आहे. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. प्रितमला सांगावं असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा वाटलं, तो म्हणेल, मावशी बावचळली. पहिल्याच कामात असं नाव नको व्हायला. ती गप्प राहिली आणि तिची झोप गेली.

सहाव्या दिवशी सकाळी नाश्ता चालू होता. प्रितम धावत आत आला तो चेहरा पडलेला. त्यानं आधी नंदकिशोरांच्या टेबलाकडे पाहिलं. ते पोहे खात होते. त्यांना तसं खाताना पाहून तो तिथेच खुर्चीचा आधार घेऊन उभा राहिला.

झालं होतं ते असं. खारघरमध्ये ईश्वरीला सकाळी प्रेमलाच्या नंबरवरून मेसेज गेला, की बाबांची साखर एकदम उतरली, ते बेशुद्ध आहेत, दवाखान्यात नेलंय. इथली लाइन खराब आहे, फोन लागणार नाही, लिहूनच बोला. नाव बरोबर, इन्सुलिनची वेळ बरोबर, हॉटेल बरोबर. दवाखान्याला पासपोर्टचा फोटो हवाय म्हटल्यावर तो ईश्वरीनं लगेच पाठवला. मग भरतीसाठी पैसे मागितले. ईश्वरी वडिलांना फोन लावत राहिली, पण ते रोमिंगच्या भीतीनं फोन बंदच ठेवत. खातं भलत्याच नावाचं पाहून तिला शंका आली आणि तिनं कंपनीचं कार्यालय गाठलं. पैसे वाचले. पण तोवर आईनं सगळं ऐकलं होतं. सुचित्राबाईंचा रक्तदाब इतका चढला की त्यांनाच दवाखान्यात न्यावं लागलं.

म्हणजे दवाखान्यात माणूस गेलं ते खरंच होतं, फक्त दुसरं.

प्रितमनं आपल्या फोनवरून ईश्वरीला लावून दिलं. नंदकिशोर लेकीशी बोलले, मी ठीक आहे म्हणाले, मग आई कशी आहे असं चार वेळा विचारलं. फोन ठेवल्यावर त्यांनी प्रेमलाकडे पाहिलं. अर्धे पोहे तसेच सोडून उठले.

प्रितमनं तिला मागच्या दाराशी नेलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्ही काही बोलू नका. यादी कुठूनतरी बाहेर गेली, असं सांगू. तुमचं नाव आलं तर कंपनी तुम्हालाही सोडणार नाही आणि मलाही."

बस निघाली. मागच्या सीटवर मसाल्याच्या पेट्यांशेजारी ती बसली होती. पुढे कुजबुज चालली होती. कोणी म्हणत होतं कंपनीनं आपली माहिती विकली, कोणी हॉटेलवाल्यांना शिव्या घालत होतं. बाहेर डोंगर, दरी, मेंढ्यांचे कळप जात होते आणि बाकीचे एरवीसारखे फोटो काढत नव्हते. प्रेमलाला तो खानावळीतला कागद आठवत होता. पुन्हा पुन्हा. आठ अक्षरं आपण आपल्या बोटांनी टाकली. राजाबाईंनी सांगितलं होतं, तेव्हाच विचारलं असतं तर. ती उठली, परत बसली. पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. असं दीड तास चाललं. मग ती पुढे गेली, प्रितमच्या हातातला माइक तिनं मागितला. तो नको नको म्हणत होता.

"मी प्रेमला बोलते," ती म्हणाली. बसमध्ये सगळ्यांना ते माहीतच होतं, पण तिला दुसरी सुरुवात सुचली नाही. "नंदकिशोरसाहेबांच्या घरी जे गेलं ते माझ्या फोनातनं गेलं. मी परवा त्या खानावळीत फुकटचं वायफाय घेतलं. त्यात एक कोड आला, तो मी टाकला. त्यानंतर माझा फोन वेगळा वागायला लागला. मला कळत होतं काहीतरी. मी कुणाला बोलले नाही. मला लाज वाटली. तुमची सगळ्यांची दुखणी माझ्या फोनात आहेत. तुमच्या घरी काही आलं तर मानू नका."

एक गृहस्थ म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं होतं फुकटचं काही घ्यायला. माइक हातात धरून ती तशीच उभी राहिली, बस वळणं घेत होती.

तिसऱ्या रांगेतून वैदेही उठल्या. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं ऑपरेटर होत्या, नेरूळला एकट्या राहायच्या. त्यांनी प्रेमलाला शेजारी बसवलं आणि फोन मागितला. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये एका ठिकाणी आपलं खातं आणखी कुठल्या यंत्राला जोडलंय ते दिसतं. त्यांनी ते पान उघडून तिच्यासमोर धरलं. एक ओळ होती. कुठल्यातरी संगणकाचं नाव, आणि खाली लिहिलेलं, की तो आत्ता चालू आहे.

आत्ता. हे बोलणं चाललंय तेव्हाही तो तिथे बसला होता. हौसेरावाचे निरोप, राजाबाईंचा आवाज, ईश्वरीचं ते 'लक्ष ठेवाल ना', सगळं त्यानं ऐकलं होतं. पाठवलेलं तो पुसत गेला, म्हणून तिला दिसलं नव्हतं.

"ह्यावर बोट ठेवा," वैदेही म्हणाल्या. "तुम्हीच ठेवा. आणि बाहेर काढा त्याला."

तिनं बोट ठेवलं. ओळ गेली.

"गेला?"

"गेला. पण वाचलं ते वाचलंच त्यानं. तेवढं परत येत नाही."

मग वैदेहींनी सगळ्यांना आपापले फोन काढायला लावले. एकोणतीस म्हातारी माणसं चष्मे पुसून सेटिंग शोधायला लागली. त्या रांगेरांगेतून फिरत होत्या. एकोणतीसच्या एकोणतीस फोन स्वच्छ निघाले. शेवटी त्यांनी प्रितमचा फोन मागितला. त्यानं हसत दिला. त्याच्याही फोनात तीच ओळ होती. त्यानंही त्या कागदावर कॅमेरा धरला होता, ड्रायव्हरशी वाद घालून झाल्यावर. एकोणतिसांचे पासपोर्ट त्याच्या फोनात होते.

प्रितम पुढच्या पायरीवर खाली बसला. आता माहिती नेमकी कोणाच्या फोनातून गेली, हे कुणाला सांगता येणार नव्हतं. प्रेमलाला वाटलं असतं तर तिथेच ओझं अर्धं उतरवता आलं असतं. तिनं उतरवलं नाही. ईश्वरीला मेसेज माझ्याच नावानं गेला, एवढंच ती म्हणाली, आणि मागे जाऊन बसली.

दुपारी परतताना बस पुन्हा त्या खानावळीशी थांबली. मालकानं मान हलवली, हा कागद आपला नव्हेच. त्यानं तो फाडून काढला तर खाली त्याचा स्वतःचा जुना कागद होता.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला नंदकिशोर आले नाहीत. प्रेमला घड्याळ बघत होती. सुई घेतली असेल, आता दहा मिनिटं झाली, आता पंधरा. कुणी रागावलंय म्हणून साखर थांबत नाही. तिनं ताट वाढलं, वर झाकण घातलं आणि वैदेहींच्या हातात दिलं. माझं नाव सांगू नका, म्हणाली. वैदेही ते घेऊन वर गेल्या आणि वीस मिनिटांनी रिकामं ताट घेऊन खाली आल्या. त्यांनी नाव सांगितलं होतं. तरीही ते जेवले होते.

उरलेले चार दिवस बसमध्ये डोंगरांपेक्षा फोनचीच चर्चा जास्त झाली. वैदेहींनी प्रत्येकाकडून व्हॉट्सॲपला आणखी एक सहा आकड्यांचा पिन लावून घेतला. रोमिंग अगदी बंद करू नका, म्हणाल्या, निदान बँकेचा एसएमएस येईल इतकं चालू ठेवा, नाहीतर आपल्या नावानं काय चाललंय ते कळायलाच मार्ग नाही. फुकटच्या वायफायवर बँक उघडायची नाही, नेट लागलंच तर आपल्यातल्या कुणाच्या फोनवरून घ्यायचं. प्रेमलानं हौसेरावाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं आधी गॅस बंद केला. मग म्हणाला, "तू सांगितलंस ना सगळ्यांस्नी?" ती हो म्हणाली. "मग झालं तर," तो म्हणाला. त्यानंतर दोघांनी एक ठरवलं, की पुढे कधी असा घाबरवणारा निरोप आला तर आधी विचारायचं, आपली पहिली खोली कुणाच्या माडीवर होती. ते त्या दोघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

मुंबईला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ती खारघरला गेली. हौसेराव म्हणाला, मी येतो, पण ती एकटीच गेली. लिफ्टनं वर जाताना तिला वाटलं, परत फिरावं. दार ईश्वरीनं उघडलं. तिनं आत या म्हटलं, पण पूर्वीसारखं मावशी म्हटलं नाही.

सुचित्राबाई घरी आल्या होत्या, खुर्चीत बसलेल्या. चेहऱ्यावर अजून थकवा होता. प्रेमला खाली बसायला लागली तेव्हा त्यांनी तिला सोफ्यावर बसायला लावलं. प्रेमलानं माफी मागितली. घरून पाठ करून आणलेलं सगळं ती विसरली आणि नुसतं चुकलं माझं, एवढंच दोनदा म्हटलं गेलं.

सुचित्राबाई म्हणाल्या, "त्या दोन तासांत माझ्या मनात ह्यांचं सगळं होऊन गेलं. कोणाला कळवायचं, त्यांना परत कसं आणायचं, सगळं. आता हे समोर वर्तमानपत्र वाचत बसलेले असतात आणि मी मधेच उठून बघून येते. ते अजून जात नाही माझ्या मनातून." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला झोप लागते का?"

"नाही," प्रेमला म्हणाली.

"मलाही नाही."

ईश्वरीनं चहा आणला. ती मग प्रेमलाला घेऊन बेलापूरला सायबर पोलिसांकडे गेली, कारण तक्रार दोघींच्या नावानं द्यायची होती. चार तास लागले. बाकावर बसल्या बसल्या ईश्वरी म्हणाली, पासपोर्टचा फोटो मी स्वतः पाठवला, कोणी हातातून हिसकावून घेतला नाही. आता त्या फोटोचं कुठे काय होईल, ह्या विचारानं मीही दर तासाला मेल बघते. प्रेमलानं पिशवीतून भाजणीची चकली काढून तिच्यापुढे धरली. ईश्वरीनं घेतली. परत येताना स्टेशनवर ती म्हणाली, "येते मावशी."

चोर सापडला नाही. तक्रारीचा नंबर एका कागदावर लिहून प्रेमलानं तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. कंपनीनं तिला पुढच्या सहलीला बोलावलं नाही. प्रितमलाही दोन महिने कार्यालयातच बसवलं. डबे पुन्हा सुरू झाले. राजाबाई एकदा मागच्या दाराशी येऊन बसल्या आणि त्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला, बघ, माझ्यान कोन घुसला नाय ना. तिनं बघितलं. कुणी नव्हतं. तेव्हापासून गल्लीतल्या बायका डबा न्यायला आल्या की फोनही पुढे करायच्या. प्रेमला कणकेचे हात धुऊन एकेक फोन तपासायची, आणि नवीन काही विचारलं की वैदेहींना फोन लावायची.

तिची अस्वस्थता मात्र पूर्वीची राहिली नाही. पूर्वी ती पुढे धावायची, आता मधेच थांबून मागे वळून बघते. चपाती तव्यावर असते आणि हात फोनकडे जातो. ते पान उघडते, तिथे काही नाही हे पाहते, बंद करते. चपाती एका बाजूनं करपलेली असते. हौसेराव ती स्वतःच्या ताटात घेतो.

दिवाळीनंतर वैदेहींचा फोन आला. त्यांच्या निवृत्त ऑपरेटर मैत्रिणींचा चौदाजणींचा गट श्रीलंकेला जाणार होता, आणि त्यांना स्वयंपाकाला प्रेमलाच हवी होती. ह्या वेळी प्रेमला वाक्य पुरं होईपर्यंत थांबली. मग तिनं विचारलं की कुणाला काय दुखणं आहे. वैदेही म्हणाल्या, यादी पाठवते.

"पाठवू नका," प्रेमला म्हणाली. "मी नेरूळला येते उद्या. तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

दुसऱ्या दिवशी डबे गेल्यावर ती वही घेऊन निघाली. रिक्षा मिळेना, म्हणून ती स्टेशनकडे चालतच सुटली.